रिंगचा मुक्काम

वहिनी, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा आमच्याकडे एकच खोली होती, आणि ती हलायची.

सुरतेच्या नवागाममधल्या लूमच्या कारखान्यावर चाळ, चाळीतली ती खोली. खाली माग चालायचे, वर आम्ही राहायचो. फळीवरची भांडी धक्क्याधक्क्याने पुढे सरकत यायची आणि आई सकाळी उठल्या उठल्या ती मागे ढकलायची. देवापुढचा दिवा त्यानंतर. वडील त्याच मागांवर उभे राहून आधी कानांनी गेले, मग छातीने. भिलादादा सातवीतून उठला आणि त्यांच्या जागी उभा राहिला, कारण मी लहान होतो आणि शाळेत बरा होतो. अंथरूण एकच होतं. रातपाळी करून दादा सकाळी यायचा तेव्हा मी नुकताच उठलेलो असायचो, आणि माझ्या अंगाची ऊब असलेल्या गोधडीत तो आडवा व्हायचा. दादाची दिवसपाळी असली की गोधडी त्याची, मी आईच्या जुन्या लुगड्यावर.

हे तुम्हाला माहीत आहे. तरी लिहितो, कारण त्या घरात तुम्ही पत्र्याची पेटी घेऊन आलात आणि पेटीत साड्यांच्या खाली लाल रबराची एक रिंग होती.

आईला ती चुंबळ वाटली. तिने ती डोक्यावर ठेवूनसुद्धा पाहिली.

"काय शे वं हाई?"

"खेळायची आहे, आई. शाळेत खेळायचे मी. तालुक्याला पहिली आले होते."

"सून आनी का मास्तरीन आनी?" आई म्हणाली, पण डोक्यावरची रिंग तिने लगेच काढली नाही. तुम्ही तोंडात पदर धरला. मी तेव्हा दहावीला होतो, जिन्यात पुस्तक घेऊन बसलो होतो. मोठ्याने हसलो तो मीच. त्या घरात त्याआधी कधी असं मोठ्याने हसलं गेलं होतं, मला आठवत नाही.

तुम्हाला जाऊन उद्या वर्ष होईल. आईने श्राद्धाची तयारी केली आहे. मला एक गोष्ट सांगायची आहे, जी वर्षभर मी कुणाला सांगितली नाही. पण ती एकदम सांगता येत नाही. रिंगपासूनच यावं लागतं.

कारखान्यामागे शेठची मोकळी जागा पडून होती. मागांची तुटकी बीमं, सुताचे पुठ्ठ्याचे रिकामे कोन, शेळ्या. तुम्ही आठ दिवस रोज थोडं थोडं झाडलंत. दादाने मागावरच्या टाकाऊ नायलॉनच्या धाग्याची जाळी विणली. हाताने गाठी मारत, पाळीवरून आल्यावर, डोळे मिटत असताना. रेघा मारायला शेजारच्या कमलताईंनी घराला लावून उरलेला चुना दिला. शेठ बघायला आला आणि म्हणाला, "अरे बेन, आ शुं मांड्युं छे?" तुम्ही त्याच्या हातात रिंग दिलीत. त्याने एकदा फेकली, जाळीवरून गेली, आणि तो विषय संपला.

खेळ काय, अगदी सोपा. बॅट नको, बूट नको. जाळीच्या अलीकडून पलीकडे रिंग फेकायची, समोरच्याने झेलून परत पाठवायची. पण तुमचा एक दंडक होता. "झेलली की सोडायची, भाऊजी. हातात धरून उभं राहायचं नाही. धरून ठेवली की गुण गेला." मी नेहमी धरायचो. झेलल्यावर कुठे फेकू याचा विचार करायचो, आणि तेवढ्यात तुम्ही ओरडायचात, "गेला! विचार करणाऱ्याचा गुण गेला!"

पदर खोचून खेळणाऱ्या बायका बघायला पहिल्या महिन्यात पुरुष भिंतीवर बसायचे. दुसऱ्या महिन्यात ते भिंतीवरून उतरले. वर्ध्याकडचा गजानन, पांडेसऱ्याला डाइंगमध्ये होता, हातांना कायम रंग, तो पहिला. "वयनी, आपल्याले बी घ्या ना. पन एक सांगतो, बाईकडून हारलो तं गावाकडं सांगू नका." तो हरला. तुम्ही गावाकडे सांगितलं नाहीत, नवागामभर मात्र सांगितलंत. आई रेघेवर पाट टाकून बसू लागली. रिंग आत पडो, बाहेर पडो, आपल्या सुनेच्या विरुद्ध असली की "बाहेर!"

वर्ष-दीड वर्षात चाळीसेक माणसं झाली. घराघरातली. आणि ती टिकली कशी, हे मला त्या वेळी कळलं नव्हतं. मला वाटायचं, खेळ सोपा आहे म्हणून टिकली.

तुमची पद्धत अशी होती, की रिंग आपल्या घरी ठेवायची नाहीच. आठवड्याला एक घर. तुम्ही म्हणायचात, या आठवड्याला रिंग कमलकडे मुक्कामाला आहे. जिच्याकडे रिंग, तिने खेळ बोलवायचा, तिच्या सोयीच्या वेळी. गजाननकडे असली की सकाळी आठला, कारण तो रातपाळी करून यायचा. कमलताईंकडे असली की दुपारी तीनला, साड्यांचे धागे कापून हात मोकळे झाले की. रिंग माठाशेजारी ठेवायची, गारव्याला, म्हणजे रबर तडकत नाही. जाळीही त्याच घरी, चुन्याचा डबाही त्याच घरी. आठवडाभर ते घर म्हणजे क्लब. लोक यायचे, पाणी प्यायचे, म्हातारी माणसं दारात बसायची.

आणि पुढचं घर कुठलं, ते तुम्ही ठरवायचात. तिथे तुमचा एक नियम होता, आणि त्याच्यावर आपलं सगळं भांडण झालं. महिनाभर जो खेळायला आला नाही, त्याच्याकडे रिंग आधी पाठवायची.

"जो येत नाही त्याला कशाला?" मी विचारलं होतं.

"जो येतोय त्याला रिंग लागत नाही, भाऊजी. तो येतोच आहे."

पुढे मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला गेलो. तुम्ही साड्यांचे गठ्ठे घेऊन भिंतीला टेकायचात, उलट्या बाजूचे सुटे धागे कात्रीने कापत, आणि मी समोर बसून नोट्स मोठ्याने वाचायचो. नियोजन, संघटन, नियंत्रण. तुम्ही मान हलवायचात. मधेच विचारायचात, "आणि माणूस रुसला तर काय करायचं, ते कुठल्या धड्यात आहे?" मी म्हणायचो, वहिनी, हे शास्त्र आहे. तुम्ही म्हणायचात, "हो का? माय वं!"

निकाल लागला. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. हे मी ताठ मानेने सांगतो, आजही सांगतो. त्यात मला काही लपवायचं नाही. तुम्ही सगळ्या चाळीला पेढे वाटलेत. दादा त्या दिवशी पाळीवर गेला नाही. आयुष्यात बहुतेक तेवढा एकच खाडा त्याने हौसेने केला.

मला पांडेसऱ्याला, गजानन होता त्याच कापड रंगवण्याच्या प्रोसेस हाउसमध्ये नोकरी लागली, टाइम ऑफिसात. गेटवर हजेरी मांडायची, पाळ्या लावायच्या, खाडे मोजायचे. काम मला जमलं. साहेब म्हणाले, पोराचं रजिस्टर बघा, एक खाडाखोड नाही. आणि मला वाटलं, हे आपल्या मैदानावरही आणलं पाहिजे. चाळीस माणसं आणि एक रिंग दारोदार फिरते, हे काय चाललंय? लोक हसतील. मंडळ स्थापन करू, वर्षाचा कार्यक्रम आखू, औद्योगिक वसाहतीच्या स्पर्धेत उतरू.

तुम्ही हो म्हणालात. हे मी विसरलेलो नाही. "करा की. शिकलेला माणूस घरात असून उपयोग काय मग?" असं म्हणून तुम्ही रिंग माझ्या हातात दिलीत.

मी ऑफिसच्या टाइपरायटरवर बारा महिन्यांचा तक्ता केला, कार्बन लावून पाच प्रती. जानेवारीत निवड चाचणी. मार्चमध्ये शारीरिक क्षमता. जुलैला मी 'सांघिक भावना' ठेवली होती. जुलैमध्ये मैदानावर गुडघाभर पाणी असतं, हे मला त्याच मैदानाकाठी वाढून सुचलं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरला 'कसून सराव' होता, आणि दिवाळीला कारखाने बंद पडून निम्मं नवागाम खान्देशात जातं. सगळ्यात मोठी कमाल म्हणजे सरावाचा वार. दर रविवारी सकाळी सात. का, तर मला रविवारी सुट्टी. मागावरच्या माणसाला रविवार कुठला? ज्या वारी त्या भागाची वीज बंद, तो त्याचा रविवार. नवागामचा वेगळा, पांडेसऱ्याचा वेगळा. वीस वर्षं मी त्या मागांवर झोपलो, त्यांच्या आवाजात पाढे पाठ केले, आणि दोन वर्षं खुर्चीवर बसलो तर विसरलो.

तुम्ही तो तक्ता नीट वाचलात. बोट ठेवून, ओळ न् ओळ. मग म्हणालात, "छान झालाय. फक्त श्रावणात बायका बसून खेळतात, ते राहिलं." पावसाळ्यात चाळीच्या लांब गॅलरीत दोरी बांधून तुम्ही खेळ ठेवायचात, दोन्हीकडे पाट टाकून, बसून रिंग फेकायची. आई खेळायची, सातव्या महिन्याची कमलताई खेळायची. संक्रांतीला सगळं सुरत पतंगासाठी गच्चीवर जातं म्हणून रिंगही गच्चीवर जायची. दिवाळीत जे गावाला जाऊ शकत नाहीत त्यांचा सामना असायचा, हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला फराळ करून द्यायचा. वैशाखात तर रिंग वऱ्हाडाबरोबर अमळनेरला गेली होती, हळदीच्या दिवशी मांडवात खेळून पिवळी होऊन परत आली.

"हे काही नियोजन नाही, वहिनी," मी म्हणालो. "ही मौज झाली."

"मग खेळ म्हणजे काय असतं?"

मी तक्ता भिंतीवर चिकटवला. हे भांडण तिथेच राहिलं, आणि आता ते मला एकट्यालाच करावं लागतं. दोन्ही बाजूंनी. तुमची बाजू मांडताना मी हरतो.

शेठच्या कारखान्याबाहेर, आपल्या जिन्याखाली एक जुनं लोखंडी कपाट होतं, ते मी मागून घेतलं. रिंग, जाळी, चुना, सगळं त्यात. कुलूप. किल्ली माझ्याकडे. आणि एक रजिस्टर. हजेरी. ऑफिसात असतो तोच नियम: लागोपाठ तीन खाडे, नाव कमी.

माणसं कमी होऊ लागली. मी म्हणालो, होऊ देत, जे खरे आहेत ते राहतील. गजाननचे तीन खाडे पडले, त्याचं नाव मी लाल शाईने काढलं. तो गेटवर रोज माझ्यासमोरून कार्ड पंच करून जायचा. रविवारी सकाळी तो रंगाच्या टाकीवर असतो, हे माझ्याच हातच्या रजिस्टरात लिहिलेलं होतं. एका रजिस्टरात हजर, दुसऱ्यात गैरहजर, दोन्हींवर अक्षर माझं. तुम्ही वगळता चाळिसाचे आठ राहिले. आम्ही आठजण स्पर्धेत गेलो आणि दुसऱ्या क्रमांकाचा कप घेऊन आलो. मी तो कप घरी आणला तेव्हा तुम्ही तो पदराने पुसून फळीवर ठेवलात. माग चालू होते, तो लगेच सरकायला लागला. तुम्ही म्हणालात, "हा टिकत नाही वाटतं इथं."

त्या दिवसांत तुम्ही दादाच्या चपला घालून फिरायचात. मी एकदा हसलोसुद्धा. "काय वहिनी, दादाची गादी चालवताय का?" तुम्ही म्हणालात, "मोठ्या चपला घातल्या की मोठं माणूस होतं म्हणे. तुम्ही बूट घालून झालात, मी चपलांनी बघते."

मग तो रविवार. मी मैदानावर उभा राहून नावं वाचत होतो. तुम्ही लांब भिंतीपाशी उभ्या होतात, खेळायला आला नव्हतात, नुसत्या बघायला. तुमच्या नावापुढे तीन खाडे होते. मी सगळ्यांसमोर वाचलं: "सुमन भिला पाटील. लागोपाठ तीन. नाव कमी." आणि पुढे हेही म्हणालो, मला शब्द न् शब्द आठवतो: "घरातलं माणूस असलं म्हणून नियम बदलत नाही." मला फार बरं वाटलं ते बोलताना. मी कुणाचीही भीड ठेवत नाही, असं लोकांनी म्हणावं म्हणून मी छाती काढली.

तुम्ही तिथून म्हणालात, "बरोबर आहे, साहेब."

पेटी घेऊन आलात त्या दिवसापासून मी भाऊजी होतो. साहेब त्या दिवशी झालो.

तुम्ही का येत नव्हता, हे मला कमलताईंनी नंतर सांगितलं. रविवारी सकाळी तुम्ही उंबऱ्यापर्यंत यायचात, स्वतःच्या चपलेत पाय घालून बघायचात, आणि पाय मावायचा नाही. सुजलेला असायचा. मग परत आत. कमलताईंना शपथ घातली होती, घरात बोलू नको म्हणून, दादा पाळी सोडून दवाखान्यांत फिरेल म्हणून. दादाच्या चपला त्यासाठी होत्या. मी तुमच्या पायांकडे पाहून हसलो होतो, वहिनी. माझ्या डोळ्यांदेखत होतं ते.

आता ती गोष्ट.

होळी झाली होती. ऊन तापायला लागलं होतं. मी ऑफिसला निघालो होतो, तुम्ही धाग्यांच्या गठ्ठ्याशेजारी बसला होतात, पण कात्री चालत नव्हती. दादा झोपला होता. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "भाऊजी, एक आठवडा रिंग घरी द्याल?"

"कशाला?"

"अशीच. मी काही मैदानावर यायची नाही. पण रिंग घरी असली की बाया येतात. बसतात. बोलावणं करावं लागत नाही."

"वहिनी, एकीला दिली की सगळ्या मागतील."

"मागू दे की."

"कपाटातली वस्तू घरी न्यायची नाही, हे आपणच ठरवलंय."

तुम्ही थोडं हसलात. "माझे खाडे झालेत ना पण. म्हणून म्हटलं. माझ्या हिशोबाने आता माझाच नंबर."

मी बूट घातले. "बघू पुढच्या महिन्यात," म्हणालो. किल्ली माझ्या पँटच्या डाव्या खिशात होती. कपाट जिन्याखाली, वीस पावलांवर. मला उशीर होत होता, आणि उशीर म्हणजे माझ्या रजिस्टरात मलाच लाल खूण. मी गेलो.

तुम्ही माझ्याकडे मागितलेली ती पहिली वस्तू. माझ्या परीक्षांच्या दिवसांत माग बंद असतील त्या वेळा तुम्ही शोधून ठेवायचात, मला निवांत वाचता यावं म्हणून. माझा डबा, माझे इस्त्रीचे कपडे, माझे पेढे. या सगळ्यांत तुम्ही काहीच मागितलं नव्हतं. एक रबराची रिंग मागितलीत, जी तुमचीच होती. माहेरून तुम्हीच आणलेली.

पुढचा महिना आला तो सरकारी दवाखान्यातला. दोन्ही किडन्या. डॉक्टर दादाला ओरडले, इतके दिवस काय करत होतात म्हणून, आणि दादा खाली मान घालून उभा राहिला, जसा मुकादमासमोर उभा राहतो. मी शेजारी होतो. खिशात हात घातला तर हाताला किल्ली लागली. मी हात तिथेच ठेवला. धावत जाऊन रिंग आणावी, तुमच्या उशाशी ठेवावी, असं मनात आलं, आणि वाटलं, लोक काय म्हणतील, बाई अत्यवस्थ आहे आणि हा खेळणं घेऊन आलाय. म्हणून तेही केलं नाही. नंतर मी नेलीही असती. नंतर आलंच नाही.

तापीच्या घाटावर दहाव्याला मी मोजलं नाही, पण पाहिलं. ज्यांची नावं मी लाल शाईने काढली होती ते जवळजवळ सगळे आले होते. वैशाख असूनही, लग्नं सोडून. गजानन रातपाळी करून तसाच आला होता, हात निळे. माझ्या आठांतले तीनच होते. आपल्या गावाकडूनच वाहत येते ही नदी, असं आई पिंड ठेवताना पुटपुटली.

घरी आल्यावर दादाने मला बाजूला घेतलं. "तिनी तुले रिंग मांगी व्हती का रे? कमल सांगे, तिले घर रिंग पाहिजे व्हती."

मी म्हणालो, "नाही दादा. मला काही बोलल्या नाहीत."

हीच ती गोष्ट. तुमच्या दहाव्याच्या दिवशी, ज्याच्या गोधडीत मी वाढलो त्याच्याशी मी खोटं बोललो, आणि तेही तुमचं नाव घेऊन. दादाने मान हलवली. मला वाटतं त्याला बरं वाटलं, की निदान तिने मागितली आणि कुणी नाकारली, असं झालं नाही.

त्याच आठवड्यात मी कपाट उघडलं. पत्र्याचं कपाट, बाहेर मे महिना. आत भट्टी झाली होती. रिंग कडक होऊन तिला आरपार चीर गेली होती. माठाशेजारी ठेवायची असते, हे मंडळाच्या नियमांत कुठेच नव्हतं.

मी रजिस्टर फाडलं नाही, वहिनी. फाडावंसं वाटलं होतं, पण ते नाटक झालं असतं. मी ते घेऊन घरोघर गेलो. प्रत्येक लाल रेघेच्या घरी. विचारलं, केव्हा मोकळे असता? कधी गावाला जाता? घरात म्हातारं कोण, बाळंतीण कोण? कमलताई दारातच म्हणाल्या, "आता आलास होय? ती असताना हेच करायची, आणि वहीसुद्धा लागायची नाही तिला." मी म्हणालो, मला लागते. "लागू दे," त्या म्हणाल्या, आणि आत बोलावलं.

नवी रिंग आणली. तुमच्यासारखं सगळं मनात ठेवणं मला जमत नाही, म्हणून पाळ्या लावायची माझी विद्या कामाला लावली. कोणाची कुठली पाळी कधी बदलते, कुठल्या भागाला कुठल्या वारी सुट्टी, हे मला टाइम ऑफिसात बसून तोंडपाठ होतं. ते इतकी वर्षं मी माणसं वगळायला वापरलं होतं. आता कॅलेंडरवर आठवड्याआठवड्याला घर लिहिलं. खाडे अजूनही मांडतो. तीन खाडे झाले, की रिंग त्या घरी.

आई म्हणाली, घरात वर्षाचं दुःख आहे, खेळ कसला? मी म्हणालो, आपल्या घरी नाही येणार रिंग वर्षभर, दुसऱ्यांकडे जाईल. तिने ऐकलं. पण श्रावणात गॅलरीत दोरी बांधली तेव्हा ती आपणहून पाट घेऊन आली आणि दोरीच्या शेवटाला बसली. खेळली नाही. "बाहेर!" मात्र ओरडली. कुणाच्या बाजूने ओरडावं ते तिला कळत नव्हतं, म्हणून दोन्हीकडे ओरडली. दिवाळीत मागे राहिलेल्यांचा सामना झाला, गजानन हरला आणि त्याने केलेल्या चकल्या रंगाच्या टाकीतून काढल्यासारख्या झाल्या होत्या. संक्रांतीला गच्ची. वसाहतीच्या स्पर्धेत या वर्षी आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. बघायला तीसजण आले होते, दोघी तर तान्ही पोरं घेऊन. मला पूर्वी लाज वाटली असती.

काल तुमच्या वर्षाचा शेवटचा आठवडा लागला. कॅलेंडरवर तिथे मी कुठल्याच घराचं नाव लिहिलं नव्हतं. दादा पाळीवरून आला, हातपाय धुतले, जेवायला बसला. मी म्हणालो, "दादा, दहाव्याला मी खोटं बोललो. वहिनींनी रिंग मागितली होती. मी दिली नाही."

त्याने घास खाली ठेवला. खाली माग चालू होते. फळीवरचा कप सरकत कडेला आला होता. त्याने उठून तो मागे ढकलला, आणि परत बसला. ते ढकलण्यात राग होता की काय होतं, मला सांगता येणार नाही. त्याने मला माफ केलं असंही मी लिहिणार नाही, कारण तो तसं म्हणाला नाही.

मग म्हणाला, "या हप्तामा रिंग कोना घर शे?"

"आपल्या."

"मंग बलाव सगळासले."

रिंग आज माठाशेजारी आहे, वहिनी, तुम्ही जिथे बसायचात त्या भिंतीला लागून. सकाळपासून बायका येऊन बसल्या आहेत, आणि मी कुणालाही बोलावणं केलेलं नाही. तुम्ही बरोबर होतात आणि मला हे तुमच्या तोंडावर म्हणता आलं नाही.

लाल शाईने काढलेली सगळी नावं परत आली, दोन सोडून. एकजण गावाला कायमचा गेला, आणि एक तुम्ही. चाळीसच्या वर माणसं खेळतात. गेलं वर्षभर, पावसात, दिवाळीत, लग्नसराईत, एकही आठवडा खेळ बंद राहिला नाही.